बान्यूल्सच्या वायनरी: गाडी पर्पिन्याँलाच सोडा

माहितीपत्रकांत दक्षिण फ्रान्सचा रुसियाँ भाग फार सोपा दाखवतात: कोलियूर, पोर्व्हाँद्र, बान्यूल्स ही समुद्रकाठची गावं, मध्ये द्राक्षमळे आणि डोंगरावरून जाणारा निसर्गरम्य डी 86 रस्ता. त्या शब्दावर विसंबून भाड्याची गाडी तिकडे घालू नका. कोलियूरकडून चढून, मादलोकच्या बुरुजाला (उंची साधारण 650 मीटर) वळसा घालून हा रस्ता बान्यूल्सला उतरतो. बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक गाडी मावते, कठडा नाही, वळणापलीकडचं दिसत नाही. समोरून कोणी आलं की एकाला रिव्हर्स घ्यावाच लागतो. एका अंगाला दगडी बांध, दुसऱ्या अंगाला उतार. त्यात त्रामोंतान वारा सुटला असेल तर गाडीचं दार घट्ट धरूनच उघडा. सोडलंत की वारा ते उलटं फेकतो, बिजागरी वाकते आणि भुर्दंड भाडेकरूवर.

त्याहून मोठी अडचण पेल्यातली आहे. इथली प्रसिद्ध वाइन म्हणजे ‘व्हँ दू नात्युरेल’. रस आंबत असतानाच त्यात 96 टक्क्यांचा मद्यार्क, रसाच्या 5 ते 10 टक्के, ओततात. यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते आणि वाइन 15 टक्क्यांच्या वर जाते. 16 टक्क्यांच्या वाइनचे 3 सेंटिलिटरचे तीन घोट म्हणजे 11 ग्रॅमहून जास्त शुद्ध अल्कोहोल. फ्रान्समध्ये चालकाची मर्यादा रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम, नवशिक्या परवान्याला 0.2. गोड असल्यामुळे चढत असल्याचं कळत नाही. दोन वायनरींच्या तळघरांत चाखणं झालं की गाडी चालवायचा प्रश्नच उरत नाही. थुंकण्यासाठी ‘क्राश्वार’ ठेवलेलं असतं, ते वापरा. तिथे कोणालाही त्यात अपमान वाटत नाही.

म्हणून रेल्वे. पर्पिन्याँ या इथल्या मुख्य शहराहून स्पेनच्या सीमेवरच्या सेर्बेर गावाकडे जाणारी लोकल तिन्ही गावांत थांबते आणि बान्यूल्सला साधारण अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. दोन गाड्यांमध्ये मोठा खंड पडतो, तेव्हा परतीची वेळ आधी टिपून ठेवा. तळघरं दुपारी बारा ते दोन बंद असतात, रविवारी काही उघडतच नाहीत. सकाळी एक, दुपारी एक, एवढंच ठेवा. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात तोडणी चालू असते. तेव्हा छोट्या मळेवाल्यांना दारात पाहुणे नको असतात. नाशिकसारखं रेस्तराँ-दुकान-गाइड सगळं एका आवारात मिळेल असं समजू नका. बऱ्याच ठिकाणी एक फाटक, एक फोन नंबर, बस्स. आदल्या दिवशी फोन केलात तरच कोणी भेटतं.

चाखताना क्रम चुकवू नका. आधी कोलियूरच्या कोरड्या वाइन, मग बान्यूल्स, म्हणजे गावाच्याच नावाची ती गोड वाइन. उलटं केलंत तर कोरडी रेड नुसती आंबट-तुरट लागते आणि दोष वाइनवर येतो. बान्यूल्समध्ये दोन टोकं मागून घ्या: ‘रिमाज’, लवकर बाटलीत भरलेली, चेरीसारखी; आणि लाकडात हवा लागत जुनी झालेली, अक्रोड-अंजिराच्या चवीची. ग्राँ क्र्यूला, म्हणजे वरच्या दर्जाच्या बान्यूल्सला, किमान 75 टक्के ग्रनाश न्वार जातीची द्राक्षं आणि 30 महिने लाकूड लागतं. तिला घाई करू नका, पेल्यात दहा मिनिटं राहू द्या. मळ्यातून चालाल तर पायाखाली बघा. शिस्ट दगडाच्या उतारावर कोंबड्याच्या पंजाच्या आकाराच्या पाण्याच्या चऱ्या बांधल्या आहेत, म्हणजे वळवाच्या पावसाने माती वाहून जाऊ नये. या भागातली ही सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

चाखण्याचे पैसे बसण्याआधी विचारा: किती पेले, किती युरो, बाटली घेतली तर वजा होतात का? बंदरासमोरच्या बारमध्ये पेल्याला पडतो तो भाव आणि गावातल्या सहकारी तळघरातल्या बाटलीचा भाव यांची तुलना केलीत की बारमध्ये पाय ठेवणार नाही.

डिस्टिलरी बघायची म्हणून पर्पिन्याँजवळच्या तुईर गावाला जाल तर निराशा होईल. बिर्र या जेवणाआधी घेतल्या जाणाऱ्या पेयाच्या तिथल्या तळघरांत तांब्याच्या भट्ट्या शोधू नका. रेड वाइन, सिंकोनाची साल, मसाले मुरवणं आणि मिसळणं हे तिथलं खरं काम. पण 10,00,200 लिटरचं ओक लाकडाचं पिंप खरोखर थक्क करतं. एक तास पुरे. मार्सेयाँ गावात (हे मार्सेय शहर नव्हे) नॉयी प्रा या व्हर्मुथची, म्हणजे वनस्पती मुरवलेल्या वाइनची, पिंपं वर्षभर उघड्या आवारात, ऊन-वारा-पाऊस खात पडलेली असतात. दोन्हींतलं एकच जमत असेल तर हे बघा. आग्द स्टेशन जवळ आहे.

बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवा. भारतात शुल्काविना माणशी 2 लिटर चालतात: 75 सेंटिलिटरच्या दोन आणि अर्ध्या लिटरची एक. ती अर्धी लाकडात मुरलेल्या बान्यूल्सची घ्या. उघडल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकते. रिमाज मात्र काही दिवसांत उतरते, ती तिथेच संपवा.