आमची वाटचाल : रंग पक्काच होता

झेरॉक्स, मग लॅमिनेशन, मग शाळांची आयकार्डं असं फोंड्यातलं आमचं दुकान वाढत गेलं. त्या वर्षांत सांगण्यासारखं फार नाही. सांगायचंय ते एका पावसाळ्याबद्दल, धंदा बसायची वेळ आली होती तेव्हाचं.

जूनमध्ये एका हायस्कुलाला दिलेली कार्डं चवथीच्या सुट्टीआधीच परत येऊ लागली. मुलांचे चेहरे धुरकट आणि कार्ड ठेवायच्या प्लॅस्टिक पाऊचच्या आतल्या बाजूला त्याच चेहऱ्याचा गुलाबी ठसा. बाजारातल्या दुसऱ्या दुकानाने सगळीकडे पसरवलं, यांची रिबन, म्हणजे प्रिंटरमधली रंगाची फिल्म, डुप्लिकेट. हातच्या शाळा गेल्या. रिबन कंपनीचीच होती, हे तेव्हा कोणी ऐकून घेतलं नाही.

दोष पाऊचचा होता. थर्मल प्रिंटरमध्ये पिवळा, मॅजेंटा आणि सायन हे रंग तापणाऱ्या छपाईच्या हेडच्या उष्णतेने रिबनवरून सुटून कार्डाच्या पीव्हीसी प्लॅस्टिकमध्ये मुरतात. पाऊचचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घातलेला असतो आणि तोच हा रंग ओढून घेतो. कार्डावरचा पारदर्शक थर, ओव्हरले, इतका पातळ की तो अडवू शकत नाही. त्यात आपला दमट उकाडा, कार्ड पाऊचला दिवसभर चिकटलेलं. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिकार्बोनेटच्या कडक होल्डरमध्ये हे होत नाही. खात्री हवी तर छापलेलं एक कार्ड मऊ पाऊचमध्ये घालून जड वह्यांखाली उबदार जागी ठेवा, आठवड्याने पाऊच पांढऱ्या कागदावर धरून बघा.

आमची बाजू समजून घेतली ती त्याच हायस्कुलाच्या ऑफिसातल्या बाईंनी. पाऊच शाळेनेच बाहेरून घेतले होते, हे त्यांनी मान्य केलं आणि कार्डं पुन्हा आमच्याकडेच छापायला दिली. आजही त्यांचा पेनड्राइव्ह आला की काम निम्मं झालेलं असतं. प्रत्येक फोटोच्या फाइलला नाव म्हणजे रोल नंबर, भिंत पांढरी, उजेड समोरून. चेहऱ्याचा रंग तिथेच ठरतो, सावलीत काढलेला फोटो मशीन कितीही महाग असलं तरी काळवंडतोच.

कार्डं छापणाऱ्यांसाठी आमच्या अनुभवातलं थोडं. कार्ड ८५.६ बाय ५४ मिलिमीटरचं. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते साधारण १०११ बाय ६३८ पिक्सेल होतं. तेवढ्याच मापाची फाइल बनवा आणि ती आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीतच, ठेवा. ऑफसेटमधून आलेली मंडळी सवयीने सीएमवायके, म्हणजे छापखान्याच्या चार शायांच्या पद्धतीत, करून पाठवतात आणि मग प्रिंटरचं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर, ते पुन्हा उलटं फिरवतो. निळा गणवेश जांभळा आला तर आधी हे तपासा.

वायएमसीकेओ रिबनवर पिवळा, मॅजेंटा, सायन, काळा आणि ओव्हरले अशी पॅनेलं ओळीने असतात, त्यातलं काळं पॅनेल रेझिनचं असतं. नाव, पत्ता, बारकोड त्यावरच छापायचे, अक्षरांच्या कडा धारदार येतात आणि बारकोड स्कॅनरला नीट लागतो. फोटोच्या चौकटीत मात्र ते बंद ठेवा. चालू राहिलं की केसांचा एकसंध काळा डाग होतो, एक बटसुद्धा दिसत नाही.

रंग फिका आला की लोक लगेच हीट वाढवतात. आधी हेड साफ करा. हीट जास्त झाली की रिबनला चुणी पडते, कार्डावर तिरक्या रेघा उमटतात, कधी रिबनच तुटते. वाढवायचीच तर एका वेळी एकच पायरी, आणि दर पायरीला एकाच चेहऱ्याचं एक कार्ड काढून उन्हात नेऊन बघा, ट्यूबलाइटखाली नको.

प्रत्येक कार्डावर त्याच जागी लांबीला बारीक पांढरी रेघ आली तर हेडवर कचरा आहे किंवा हेडचा बिंदू गेला आहे. ठिपके कुठेही पडत असतील तर ती धूळ. ठराविक अंतराने तोच ठिपका आला तर रोलर बघा. दर रिबन बदलताना क्लीनिंग कार्ड फिरवा, चिकट रोलर बदला. हेड पुसायचं ते मशीन बंद करून, गार झाल्यावर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पाणी मिसळलेलं स्पिरिट लावू नका. कोरं कार्ड नेहमी कडांनी धरा. बोटाचं तेल लागलं की तिथे रंग बसतच नाही.

आता आमच्या प्रत्येक बिलावर एक ओळ छापलेली असते, मऊ पीव्हीसी पाऊच वापरू नये. होल्डर आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. म्हापशात घ्या, मडगावात घ्या, पण कडक घ्या.