चार तारा, तीन मध्यम

रविवार, रात्री उशिरा

चौथा नको, असं मी म्हणाले.

एवढं म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. पण वर कारणही दिलं: "याला जीवच नाही रे, गोधडीखालून कोणी बोलतंय असं वाटतं." मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले होते. मागे क्षणभर सगळे गप्प. मग बारक्या फिस्सकन हसला. वळून बघते तर दादाच्या मांडीवर अण्णाचा बेस.

नवा बेस गिटार घ्यायला दुकानात गेलो होतो. ऐकायचे ठरले होते तीनच. चौथा दादाने गुपचूप घुसवला. मुळात ही परीक्षाच त्याची. "तीन महिने रंग आणि आकडे बघत बसलीयस, एकदा पाठ फिरवून नुसतं ऐक," म्हणाला. अ‍ॅम्प तोच, बटणं जिथल्या तिथे, वाजवणारा तोच, ओळही तीच. म्हणजे खोट काढायलाही जागा ठेवली नाही शहाण्याने.

सहा वर्षं वाजवतेय मी तो बेस. आठवड्याला चार दिवस धरले तरी बाराशेच्या वर वेळा गळ्यात अडकवला असेल. वरच्या शिंगाला पडलेला टवका मला अंधारात बोटाने सापडतो. आवाजाचं बटण कुठवर फिरवलं की खरखर सुरू होते ते हाताला पाठ आहे. जी च्या तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीच्या, आसपास सूर लवकर मरतो. तिथे मी कधी रेंगाळत नाही, पुढे सरकते. (या घराण्याच्या बऱ्याच बेसना ही खोड असते. नेकची, म्हणजे त्या लांब दांडीची, स्वतःची थरथर त्या सुराशी जुळली की तारेची ताकद नेकच पिऊन टाकतो.) इतकं सगळं ठाऊक. आणि आवाज ओळखला नाही.

येताना दादा म्हणाला, "मनावर घेऊ नकोस." हे वाक्य ज्याने शोधून काढलं त्याला कधीच काही मनावर घ्यायची वेळ आली नसणार.

वहिनीचा मेसेज अजून तसाच उघडा आहे. "बेस लागेल गं आता. धाकटा हट्टाला पेटलाय. पण घाई नाही हं." वहिनीच्या 'घाई नाही'चा अर्थ मला कळतो. शनिवारी नेऊन द्यायचा. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, वस्तू त्यांचीच. अण्णाबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

तर तीन बेस. पहिला स्क्वायरचा प्रिसिजन, दुसरा सायरचा जॅझ बांधणीचा, तिसरा आयबानेझ, बारीक नेकचा, २४ फ्रेटचा. कागदावर सायर केव्हाच जिंकला होता. तारांची थरथर पकडून अॅम्पकडे पाठवणारे दोन पिकअप, अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह (बॅटरीवर की बॅटरीशिवाय) बदलायचा खटका, नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला, साधारण ३८ मिलिमीटरचा नेक. माझ्या हाताला तोच बरा, कारण प्रिसिजनचा नेक नटपाशी ४२ च्या आसपास जातो आणि पहिल्या फ्रेटवर माझी करंगळी रडते. तारेची लांबी दोन्हीकडे तीच, ३४ इंच, तिथे सवलत नाही. आयबानेझ सर्वांत हलका, पण नऊ व्होल्टची बॅटरी आली, आणि वाजवून झाल्यावर केबल काढायची विसरली की ती रात्रभर गुपचूप संपत राहते. मी विसरणारच. मी गॅस विसरते.

भिंतीकडे तोंड केल्यावर मी निवडला तो प्रिसिजन. जो यादीतून दोन आठवड्यांपूर्वी खोडला होता. एक पिकअप, दोन बटणं, बस. "साधा आहे फार," असा शेराही मारून ठेवलाय वहीत, मागच्याच पानावर. लिओ फेंडरने १९५१ मध्ये हा बाजारात आणला तेव्हा नावच प्रिसिजन ठेवलं, कारण उभ्या बेसला फ्रेट नसत आणि याला होते. बोट जरा इकडेतिकडे पडलं तरी सूर नेमका लागणार. नेमका! नेमकेपणासाठी जन्मलेल्या वाद्यासमोर माझ्या कानांचा हा नेम.

पण तेही सोडा. आवड बदलते, यादी खोडता येते. ओळखला कसा नाही?

संध्याकाळपासून सबबी जमवतेय. पहिली सबब दादाचा हात. तो मुळात गिटारवाला, बेस हातात आला की प्लेक्ट्रमने, त्या प्लॅस्टिकच्या नखीने, ठोकत सुटतो. मी दोन बोटांनी वाजवते, तेही नेकच्या जवळ, जिथे आवाज गोल येतो. हात बदलला की बेस बदलतो हे खरंच आहे. जेम्स जेमरसन मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची ती सगळी गाणी उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. पण मग दादाच्या हातून बाकीचे तीनही तसेच ठोकले गेले की. त्यातला एकही मला मेलेला वाटला नाही.

दुसरी सबब तारा. ही जरा टिकते. अण्णाच्या बेसवर अजून अण्णाने लावलेल्याच तारा आहेत. घाम, तेल, मळ तारेवर गुंडाळलेल्या वेटोळ्यांत जाऊन बसला की तारेचे वरचे सूर दबतात. नव्या तारेतली ती पियानोसारखी झणझण जाते आणि नुसता ढब्ब असा ठोका उरतो. दुकानातल्या तिन्ही बेसना कोऱ्या तारा. म्हणजे परीक्षा बेसची नव्हतीच, तारांची होती. छान. मग सहा वर्षांत मी तारा का बदलल्या नाहीत?

यावर माझं उत्तर तयार असतं. जेमरसन तारा बदलत नसे, तुटली तरच. बारक्याने विचारलं की मी हेच ऐकवते. फक्त एवढं सांगत नाही की त्याच्या तारा सपाट वेटोळ्याच्या होत्या. त्या मुळातच मऊ बोलतात आणि वर्षानुवर्षं चांगल्या मुरतात. अण्णाच्या तारा गोल वेटोळ्याच्या आहेत. त्या मुरत नाहीत, नुसत्या मरतात. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तरी जेमरसनचं नाव पुढे करून

असो.

तिसरी सबब मला सर्वांत आवडते. मी तो बेस कधी समोरून ऐकलाच नाही. मोकळी ई छेडली की त्याचं वरचं शिंग बरगडीला लागून थरथरतं, पट्टा खांद्यात घुमतो, आणि अ‍ॅम्पचं तोंड माझ्या पोटऱ्यांकडे असतं. मला ठाऊक आहे तो आवाज बरगडीतला आहे. स्टुलावर बसले तेव्हा बरगडीला लागून काहीच नव्हतं. समोर भिंत. रोज ज्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपतो त्याचा आवाज फोनवर परका वाटतोच ना कधी कधी. (उपमा चुकली. राहू दे.)

फोनवरून आठवलं. ई च्या मोकळ्या तारेची कंपनं सेकंदाला ४१. फोनच्या एवढ्याशा स्पीकरला ती झेपत नाहीत. त्याच्या पटीतले वरचे सूर तेवढे बाहेर येतात आणि खालचा पाया मेंदू स्वतःच घालून देतो, अगदी ऐकू आल्यासारखा. आणि मी तीन महिने रात्री अंथरुणात पडून फोनवर बेसची तुलना ऐकली. हा उबदार, तो कोरडा, याचा तळ भरीव. तो सगळा तळ माझ्याच डोक्यातला होता. वहीत त्याला गुणही दिलेत, दहापैकी.

खरं दुखणं दुसरंच आहे बहुतेक. दुकानातल्या पोराने पहिलाच प्रश्न विचारला, "मिड-रेंज ना ताई?" आणि मी हो म्हणाले ते असं, जणू त्याने माझं वाजवणं ऐकूनच विचारलं. नवशिक्यासाठीचा घ्यायला लाज वाटते, वरचा घ्यायला हिंमत होत नाही. वरचा घेणाऱ्याला निदान आवाज ओळखता यायला हवा. उत्तम, मध्यम, कनिष्ठ या उतरंडीत मधल्या पायरीवर बसलेली बाई मी. शाळेतही शेरा हाच असायचा. गिटारवाल्याला टाळ्या, गाणाऱ्याला टाळ्या, बारक्याला तर काठ्या हवेत उडवल्या तरी टाळ्या. बेस चुकला तरच कोणीतरी वळून बघतं. नीट वाजवला तर मी तिथे नसतेच.

आणि बेसवर आले तीही हट्टाने नाही. कॅरोल के मूळची गिटारवाली. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून तिने बेस उचलला, आणि पुढचा इतिहास तिने घडवला. माझाही आरंभ तसाच. बेसवाला आला नाही म्हणून. पुढचा इतिहास मात्र घडला नाही.

इथवर लिहून पाणी प्यायला उठले. येऊन वरचं वाचलं आणि स्वतःचीच कीव यायच्या ऐवजी हसू आलं. टाळ्या काय, इतिहास काय. एक बेस घ्यायचाय, बाई.

आणि मधल्या किमतीत वाईट काय आहे? सगळ्यात खालच्या पायरीवरचे कितीतरी हाताळले मी. फ्रेटची टोकं तळहाताला कानशीसारखी घासतात, नटच्या खाचा उथळ कापलेल्या म्हणून पहिल्या फ्रेटवर सूर चढा लागतो, खुंट्या सरकतात. एक तर हात सोडला की नेक सरळ जमिनीकडे जायचा. डाव्या हाताने सूर धरायचे की हमाली करायची? मधल्या किमतीत हे सगळं बहुतेक मिटतं. पैसे जातात ते अशा न दिसणाऱ्या जागी. त्याच्या वर गेलं की फरक असतो, पण तो शोधावा लागतो, आणि माझे कान कसे शोधतात ते आज तिघांनी पाहिलं. उरलेलं चांगल्या सेटअपने होतं. नेकच्या पोटातली सळई पाव फेरी इकडे, तारांची उंची जरा खाली, ब्रिजवरची, तारा टेकतात ती खोगिरं मागेपुढे, की तोच बेस वेगळा माणूस होतो.

शिवाय आणखी एक. हे मघाशी पेला धुताना सुचलं. ई ला सा धरला तर पुढची ए तिचा मध्यम. ए ला सा धरला तर डी मध्यम. डी वरून जी, पुन्हा मध्यम. चार तारा, तीन मध्यम. अख्खं वाद्य मध्यमावर मध्यम रचून उभं आहे आणि मी मध्यम म्हणून रडतेय. दादाला सांगितलं तर म्हणेल, गिटारच्याही खालच्या चार तारा तशाच असतात. म्हणून सांगणार नाही.

गेले होते बेस आणायला, आले तारांचं पाकीट घेऊन. ओशाळवाणं झालं होतं, काहीतरी घेऊन निघावं म्हणून घेतलं. ४५ ते १०५ जाडीच्या, गोल वेटोळ्याच्या. धाकट्याला शिकायचंय तर आवाज तरी धड मिळू दे. त्याने पहिल्याच दिवशी गोधडीखालून का ऐकायचं?

रात्री एक

तीन बदलल्या. जी, डी, ए. एकेक सोडवायची, फ्रेटबोर्ड पुसायचा, नवी ओढून सुरात आणायची. जी ची जुनी तार खुंटीपाशी इतकी काळी पडली होती की फडक्याला गंजाचा वास लागला. नव्या अशा झणझणल्या की शेजारी जागे होतील म्हणून तळहात ठेवून गप्प केल्या. आवाज सुरेख आहे. दुकानातल्या सायरपेक्षा तरी नक्कीच. मी सहा वर्षं याला काय करून ठेवलं होतं!

ई ची जाड तार तशीच आहे. पान्याने खुंटी अर्धी सैल केली, परत आवळली.

मग अ‍ॅम्प न लावता, बरगडीला टेकवून, जुनी ई आणि नवी ए आळीपाळीने वाजवत बसले बराच वेळ. सा, म. सा, म. सा गोधडीखालून. म लख्ख.

दादाला मेसेज टाकलाय: उद्या परत जाऊ, प्रिसिजन. पण उद्या वाजवणार मी, भिंतीकडे तू. करंगळीचं बघू.

शनिवारपर्यंत ई बदलायला हवी. तीन नव्या आणि एक जुनी असा बेस देता येणार नाही वहिनीकडे, ती विचारेल.