तुम्ही विचारलंत म्हणून: हेल्मेटचं आत्ताच कशाला?

"पेशंट तडफडून राहिला अन् तुम्ही हेल्मेटचं काय विचारून राहिले जी?" नागपुरातल्या कॅज्युअल्टीत नातेवाईक असं चिडून विचारतात, आणि त्यांचं चिडणं रास्तच आहे. पण श्वास, रक्तस्राव, शुद्ध हे आधी बघून झालेलं असतं. आणि अपघात कसा झाला, कुठे झाला, हेल्मेट होतं का, हे प्रश्न उपचार थांबवून विचारत नाहीत. ते उपचारातच मोडतात. कारमधला माणूस बरा दिसतो, पण बेंबीजवळ सीटबेल्टच्या पट्ट्याचा आडवा वळ उठलाय, म्हणजे पट्टा कमरेच्या हाडावर नव्हता, पोटावर होता. मग आतडं आणि कमरेचा मणका तपासावाच लागतो. सायकलवरून पडलेल्या पोराच्या पोटात हँडल घुसलं असेल तर स्वादुपिंडाचा विचार करायचा. हे कोणी सांगितलंच नाही तर निदान उद्यावर जातं.

दुसरा उपयोग पुढच्या पेशंटसाठी. केसपेपरवर नुसतं 'आरटीए' (रोड ट्रॅफिक अ‍ॅक्सिडेंट, म्हणजे रस्ता अपघात) लिहिलं की संशोधनाच्या दृष्टीने तो कागद कोराच. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (आयसीडी-10) दुखापतीचा कोड वेगळा आणि कारणाचा वेगळा. मेंदूला मार म्हणजे एस 06. दुचाकीस्वाराची ट्रक किंवा बसशी टक्कर म्हणजे व्ही 24, कोणाशीही टक्कर न होता पडला तर व्ही 28. पुढच्या आकड्यावरून तो चालवत होता की मागे बसला होता तेही कळतं.

या व्ही 28 मध्ये बरंच काही दडलेलं असतं. एका बाजूला पाय सोडून मागे बसलेली बाई, एक हात पिशवीवर, एक पदरावर. गतिरोधक येतो, गाडी उडते आणि ती पाठीमागे पडते. मार डोक्याच्या मागच्या बाजूला, पण रक्तस्राव कित्येकदा कपाळामागे, कारण मेंदू आतल्या आत पुढे आदळतो. समोर दुसरी गाडी नाही, चालवणारा नवरा किंवा मुलगा. तक्रार कोण करणार? पोलिसांच्या आकड्यांत अशी केस सहसा येतच नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या जुन्या मापाने गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट हवा. गल्लीतला डांबराचा उंचवटा त्यात कुठे बसतो ते तुम्हीच बघा. तो सपाट करून घ्यायचा तर 'इथे इतके जण पडले' हे कोणाच्या तरी कागदावर हवं.

आणि कागद बिघडतो तो इथेच. जागा लिहिली जाते 'वर्धा रोड'. अजनीपासून बुटीबोरीपर्यंत सगळा वर्धा रोडच! त्यातून डबल डेकर पूल. पुलावर पडला की पुलाखाली? मेट्रोच्या खांबाचा नंबर सांगितलात तर सोन्याहून पिवळं. वेळ अंदाजाने आठ, साडेआठ अशी गोल लिहिली जाते. हेल्मेटचं विचारलं की विम्याच्या भीतीने सगळे 'होतं' म्हणतात. म्हणून 'पट्टा लावला होता का, डोक्यावरच राहिलं का' असं विचारायचं. 'नाही' आणि 'माहीत नाही' यांना एकच रकाना दिला की सगळी आकडेवारी वाया.

एवढं करूनही दवाखान्याची नोंद अर्धवटच. हेल्मेटमुळे वाचलेला सरळ घरी जातो आणि जागीच गेलेला शवविच्छेदनाला. म्हणून पेशंटमधल्या हेल्मेटवाल्यांची टक्केवारी एकटी वाचायची नाही. चौकात उभं राहून जाणारे दुचाकीस्वारही मोजावे लागतात. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्के कमी होतो, हा 2008 च्या कॉक्रेन आढाव्यातला (अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेला) निष्कर्ष अशाच तुलनांवर उभा आहे.

राहता राहिली भीती, की सांगितलं तर अडकू. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत कलम 134अ आलं. जखमीला आणून सोडणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही. नाव नका सांगू. खांबाचा नंबर सांगा, आणि हेल्मेट रस्त्यावर पडलं असेल तर तेही उचलून आणा.