पुणे-लातूर रस्त्यावर: जाताना ट्रॅव्हल्स, येताना एसटी

दिवाळीत पुण्याहून लातूरला जायचे म्हटले की रेल्वे, एसटी आणि ट्रॅव्हल्स अशा तीन वाटा असतात. या वेळी रेल्वेचे आरक्षण केव्हाच भरले होते आणि एसटीच्या रात्रीच्या गाड्यांतही जागा उरली नव्हती, त्यामुळे जाताना ट्रॅव्हल्सने आणि भाऊबीज आटोपल्यावर परतताना एसटीने असा प्रवास घडला. एकाच रस्त्यावर आठवड्याभरात दोन्ही गाड्यांत बसल्यामुळे बस कंपन्यांच्या स्पर्धेतून प्रवाशाच्या पदरात काय पडते, हे मला जवळून पाहता आले.

एरवीच्या दिवसांत ही स्पर्धा खरोखर उपयोगी पडते. आठवड्याच्या मधल्या वारी मोबाइलवर पाहिले तर लातूर, उदगीर, अहमदपूर, नांदेडकडे जाणाऱ्या गाड्यांची रांगच्या रांग दिसते. कोणी सवलत देतो, कोणी पांघरूण आणि पाण्याची बाटली देतो, कोणी गाडी नेमकी कुठे आली आहे ते फोनवर दाखवतो. एसटीनेही या रेट्यामुळे बऱ्याच गोष्टी बदलल्या. 2017 पासून शिवशाही धावू लागली, तिकिटे घरबसल्या काढता येऊ लागली, आणि आता वाहकाच्या हातातल्या यंत्रावर मोबाइलनेही पैसे देता येतात. समोर कोणी उभेच नसते तर हे इतक्या लवकर झाले असते, असे मला वाटत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मात्र चित्र पालटते. धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या खासगी गाड्यांचे दर जवळजवळ एकाच आकड्याला जाऊन टेकले होते, आणि तो आकडा नेहमीच्या दुपटीहून अधिक होता. गंमत अशी की त्याच रात्री लातूरहून पुण्याकडे येणाऱ्या त्याच कंपन्यांच्या गाड्या अगदी स्वस्तात मिळत होत्या. भाऊबीजेनंतर हाच प्रकार उलट दिशेने झाला. रिकाम्या परतणाऱ्या गाडीचा खर्च भरलेल्या गाडीतून काढावा लागतो, हे मालकांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्या खर्चालाही मर्यादा आहे. राज्य सरकारच्या 27 एप्रिल 2018 च्या निर्णयानुसार खासगी कंत्राटी बसचे भाडे तशाच प्रकारच्या एसटी बसच्या प्रति किलोमीटर भाड्यापेक्षा 50 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. माझ्या तिकिटाचा हिशेब मी करून पाहिला. ते या मर्यादेच्या बरेच पुढे होते.

हडपसरच्या गाडीतळावर त्या रात्री उभे राहायलाही जागा नव्हती. पिशव्या, फराळाचे डबे, झोपेला आलेली मुले आणि प्रत्येक गाडी थांबताच तिच्याकडे धावणारी माणसे. कायद्याने या गाड्या कंत्राटी वाहने आहेत, म्हणजे ठरलेल्या प्रवाशांना ठरलेल्या ठिकाणाहून ठरलेल्या ठिकाणी नेणे एवढाच त्यांचा परवाना. वाटेत माणसे घेत आणि उतरवत जाणे ही टप्पा वाहतूक, ती एसटीची. प्रत्यक्षात आमच्या गाडीचा क्लीनर शेवाळवाडीपर्यंत दारात उभा राहून "लातूर, लातूर" असे ओरडत होता. बर्थ संपल्यावर त्याने रोख पैसे घेऊन चार-पाच जणांना चालकाच्या केबिनमध्ये आणि दोघांना दोन बर्थांमधल्या वाटेत बसवले. मागच्या आपत्कालीन दाराला टेकून पार्सलची खोकी रचली होती. मी हटकले तेव्हा "ताई, टेंभुर्णीला काढतो" एवढेच उत्तर मिळाले, आणि टेंभुर्णी गेली तरी खोकी तिथेच होती.

ऑक्टोबर 2022 मध्ये नाशिकला आणि 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसना आग लागून माणसे गेली. सिंदखेडराजाच्या अपघातात 25 जण दगावले. वाटेत माणसे बसलेली आणि मागचे दार खोक्यांनी अडलेले, अशा गाडीत पडदा ओढून झोपताना त्या बातम्या आठवल्यावाचून राहत नाहीत. दर, पांघरूण, वेळ यांत कंपन्यांची चुरस चालते, कारण त्या गोष्टी प्रवाशाला तिकीट काढताना दिसतात. दार मोकळे आहे की नाही हे तिकीट काढताना दिसत नाही, म्हणून त्यात चुरस नाही.

परतीचा प्रवास दिवसाचा, साध्या लाल गाडीचा होता. लातूर सोडल्यावर मुरूड, ढोकी, येडशी, पांगरी, बार्शी, कुर्डुवाडी असे थांबे घेत गाडी निघाली. ट्रॅव्हल्सपेक्षा वेळ खूप लागला आणि बाकांवर पाठ अवघडली, हे खरे. पण 17 मार्च 2023 पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे जाताना जे भाडे दिले त्याच्या एका लहानशा भागात मी पुण्याला पोचले. ढोकीला एक आजी चढल्या. पांगरीच्या पुढच्या एका फाट्यावर त्यांना उतरायचे होते. वाहकाने आधार कार्ड पाहून त्यांचे शून्य रकमेचे तिकीट काढले, कारण 75 वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. मी विचारले, "आजी, ट्रॅव्हल्सनं कधी जाता का?" त्या म्हणाल्या, "आमच्या फाट्यावर कोन थांबतंय, बाई? ही थांबती."

फाटा आला, वाहकाने दोरी ओढून घंटी वाजवली आणि गाडी थांबली. त्या एकट्या उतरल्या. या थांब्यासाठी स्पर्धा करायला कोणतीही कंपनी येणार नाही, कारण इथे कमाई नाही. लातूर, नांदेडसारख्या मोठ्या गावांचे भरलेले मार्ग सगळ्यांनाच हवे असतात; एसटीने त्या मार्गांवर चार पैसे मिळवले तरच फाट्यावरची गाडी चालू राहते, आणि नेमके तेच मार्ग तिच्या हातून निसटत आहेत.

यातली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. खासगी भाड्याची कमाल मर्यादा एसटीच्या भाड्यावरून ठरत असल्यामुळे जानेवारी 2025 मध्ये एसटीचे भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले तेव्हा ट्रॅव्हल्सची मर्यादाही आपोआप वर गेली. उलट एसटी रस्त्यावरून नाहीशी झाली की काय होते, ते 2021-22 च्या संपात आपण पाहिले. तेव्हा सरकारला खासगी आणि शाळेच्या बसनाही प्रवासी वाहतुकीची मुभा द्यावी लागली आणि मिळेल त्या दराने लोक गावी गेले. म्हणजे ट्रॅव्हल्सने जाणाऱ्या प्रवाशालाही एसटी धडधाकट असणे गरजेचे आहे, मग तो तिच्यात कधी बसो वा न बसो.

माझी मागणी साधी आहे. खासगी बसचे तिकीट विकणाऱ्या प्रत्येक ॲपवर आणि प्रत्येक बुकिंग ऑफिसच्या फलकावर त्या मार्गाचे एसटी भाडे, त्यावरून निघणारी कमाल मर्यादा आणि आकारलेली रक्कम असे तीन आकडे शेजारी शेजारी द्यावेत, आणि सणाच्या रात्री गाडीतळावर परिवहन विभागाचे पथक केवळ कागद न पाहता मागचे दार उघडून पाहणारे असावे. जातानाच्या तिकिटाची प्रत आणि खोक्यांचे छायाचित्र जोडून मी तसा अर्ज दिला आहे.