तुम्ही विचारलंत म्हणून: कोडी गुरुजींनी किती कमावलं?

सुट्टीत घरी आलो की हर्लिंगचा, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश मैदानी खेळाचा, विषय माझ्याकडूनच निघतो. आयर्लंडमधल्या किल्केनीत राहायला लागल्यापासून मला या खेळाचं वेड लागलंय. किल्केनीच्या संघाचे माजी प्रशिक्षक ब्रायन कोडी यांच्या 11 अजिंक्यपदांपर्यंत गाडी आली की काका हमखास विचारतात, "म्हणजे बक्कळ पैसा केला असेल की रे त्यांनी!" मामीनेही तेच विचारलं, मित्रांनीही. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पगार शून्य. 1998च्या अखेरीपासून 2022पर्यंत, 24 हंगाम, त्यांनी किल्केनीचा संघ विनापगार सांभाळला.

हा खेळच तसा आहे. 1884मध्ये टिपरेरीतल्या थर्ल्स गावात हा खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन सुरू झाली आणि आजही तिचे खेळाडू हौशीच आहेत. प्रवासखर्च मिळतो, मानधन नाही. अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कवर 80 हजारांवर माणसं जमतात, आणि ज्यांच्यासाठी जमतात ती मुलं काही दिवसांत परत बँकेत, शाळेत, शेतावर कामाला लागतात. चांगला खेळाडू दिसला म्हणून दुसऱ्या काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) विकतही आणता येत नाही. किल्केनी काउंटीची लोकवस्ती लाखभर. त्यांच्यातूनच 15 जण उभे करायचे.

कोडींचा पोटापाण्याचा व्यवसाय शिक्षकाचा. किल्केनी शहरातल्या सेंट पॅट्रिक्स डे ला साल या प्राथमिक शाळेत ते शिकवायचे, पुढे तिथेच मुख्याध्यापक झाले. आपल्याकडे असते तर सगळं गाव त्यांना गुरुजीच म्हणालं असतं, म्हणून मीही म्हणतो.

पण पैशांचं उत्तर एका शब्दात संपतं. मला सांगायचंय ते 1978बद्दल.

त्याआधी गुरुजींचं सगळं सुरळीत चाललं होतं. जेम्स स्टीफन्स हा त्यांचा क्लब. सगळे त्याला नुसतं 'व्हिलेज' म्हणतात. 1972मध्ये किल्केनीच्या कुमार संघाने ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं अजिंक्यपद, जिंकलं तेव्हा कर्णधार तेच होते. 1975मध्ये, एकविसाव्या वर्षी, थोरल्या संघातून विजेतेपद. उंच, दणकट बचावपटू. पण 1978च्या अंतिम सामन्यात त्यांना पार पुढे, गोल करायच्या जागेवर उभं केलं गेलं. ती त्यांची जागा नव्हती. किल्केनी कॉर्क काउंटीकडून हरली. संघ गावी परतला तेव्हा स्वागताला जमलेल्या आपल्याच माणसांनी त्यांची हुर्यो उडवली.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही. परक्या गावात शिव्या खाणं वेगळं. इथे बहुधा ओळखीचेच चेहरे, आणि राहायचं त्याच गल्ल्यांमध्ये. त्यानंतर काही काळ ते काउंटीच्या संघाबाहेर राहिले. गाव मात्र सोडलं नाही, क्लबसाठी खेळत राहिले. 1982मध्ये त्यांच्या क्लबने ऑल-आयर्लंड क्लब अजिंक्यपद मिळवलं, आणि त्याच वर्षी ते किल्केनीचे कर्णधार म्हणून परत क्रोक पार्कवर होते, या वेळी बचावात, आपल्या जागेवर. समोर पुन्हा कॉर्क. किल्केनी 3-18 विरुद्ध 1-13 अशी जिंकली. (डावीकडचा आकडा गोलांचा. एक गोल म्हणजे तीन गुण, आणि चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर एक.) पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोन संघ, पुन्हा किल्केनीच.

प्रशिक्षक म्हणून त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी इथे पुष्कळ ऐकायला मिळतात. नियम एकच: सरावात आज कोण उत्तम खेळतोय तो संघात, नाव, पदकं, गेल्या वर्षीचा पराक्रम यांना किंमत नाही. 2003मध्ये चार्ली कार्टर कर्णधार होते, तरी पंधरा जणांतली त्यांची जागा पक्की नव्हती. ते हंगामाच्या मध्यावर संघ सोडून गेले. त्या वर्षी किल्केनी जिंकली. काहींना हा निर्दयपणा वाटतो. मला वाटत नाही. ज्याने चुकीच्या जागेवर उभं राहण्याची किंमत स्वतः मोजलीय, तो दुसऱ्याला केवळ नावासाठी मैदानात उतरवणार नाही, असं माझं मत आहे. त्यांनी स्वतः असं कारण दिलंय असं मी म्हणत नाही.

2006 ते 2009 सलग चार अजिंक्यपदं. 2008मध्ये तर वॉटरफर्डला 23 गुणांनी हरवलं. 2010मध्ये पाचव्याची वेळ आली. हेन्री शेफलिन, या संघाचा प्राण, दुखावलेल्या गुडघ्यानिशी उतरला आणि थोड्याच वेळात त्याला बाहेर यावं लागलं. टिपरेरीच्या लार कॉर्बेटने तीन गोल केले. इथली माणसं अजून तो सामना हळू आवाजात सांगतात. दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात त्याच टिपरेरीला हरवून कोडींचा संघ पुन्हा विजेता. 2012, 2014, 2015 हीसुद्धा त्यांचीच.

17 जुलै 2022ला लिमरिककडून दोन गुणांनी हार झाली. सहा दिवसांनी गुरुजींनी पद सोडलं. त्यांच्याच हाताखाली खेळलेले डेरेक लिंग त्या जागी आले.

मागच्या दिवाळीत काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग पैशांचं सोडून त्यांनी विचारलं, "अठ्ठ्याहत्तरला ओरडणारी माणसं ब्याऐंशीला कुठे होती रे?"

तिथेच असणार, काका. करंडक बघायला, त्याच रस्त्यावर.