आमची वाटचाल : विहिरीच्या मापाने

लग्न होऊन मी श्रीवर्धनजवळच्या या घरात आले तेव्हा घरात अकरा माणसं होती आणि पहाटे चारला रहाट सुरू व्हायचा. पुढे एकेक जण मुंबईला गेला, आम्हीही डोंबिवलीला गेलो. सासूबाई वारल्या त्या वर्षी मागे उरले फक्त धाकटे काका, तेही ओटीलगतच्या एका खोलीत. बाकीच्या घराला कुलूप. गणपतीत दार उघडलं की आधी वटवाघळं बाहेर यायची, मग आम्ही आत जायचो.

मुलं मार्गी लागली आणि आम्ही दोघं परत आलो. घर विकावं असं भावकीत बहुतेकांचं मत होतं. घरपट्टीवर आणि आगराच्या, म्हणजे घराभोवतीच्या नारळ-सुपारीच्या बागेच्या, सातबाऱ्यावर मिळून नऊ नावं. एकेकाच्या घरी जाऊन, जेवून, दोन-दोनदा समजावून शेवटी ठरलं ते असं : घर आम्ही दुरुस्त करायचं, पाहुणे ठेवून त्याचा खर्च काढायचा, पण गणपतीचे दिवस घर सगळ्यांचं. त्या दिवसांत आम्ही एकही बुकिंग घेत नाही. त्या दिवसांत कोणी तिप्पट पैसे देऊ केले तरी उत्तर तेच असतं. कर्ज मिळालं नाही, कारण नऊ नावांचं घर कोणती बँक तारण घेणार? यांच्या फंडातले पैसे लावले आणि छपरापासून सुरुवात केली.

सव्वाशे वर्षांहून जुनं घर. जांभ्या चिऱ्याच्या दीड हात जाड भिंती, फणसाचे खांब, सागाच्या तुळया, किंजळाचे वासे. मूळ छप्पर नळीच्या कौलांचं होतं, ते आजेसासऱ्यांनी उतरवून मंगलोरी कौलं घातली. जर्मन मिशनऱ्यांनी 1865 साली मंगळूरला ज्या कौलांचा कारखाना काढला, त्याच धर्तीची ही कौलं. पुढे ती गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकणभर पोचली. आम्ही एकेक कौल उतरवून, काथ्याने घासून, वाजवून पाहिलं. खणखणीत वाजलं ते ठेवलं, बद्द वाजलं ते बाजूला काढलं. दोन तृतीयांश कौलं पुन्हा छपरावर गेली.

भिंतींनी मात्र आम्हाला खूप शिकवलं. घाई होती म्हणून पडवी आणि बाळंतिणीची खोली एका ठेकेदाराकडून सिमेंटने गिलावा करून घेतली. भिंती गुळगुळीत झाल्या, फोटोही सुरेख आले. दुसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले, खालून पांढरं लोण फुटलं, आणि भिंतीत रोवलेल्या तुळईच्या टोकाला वाळवी लागली. आमचे मेस्त्री तेव्हा सत्तरीचे. त्यांनी भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वहिनी, हिचं तोंड दाबलंय."

मग त्यांनीच नीट समजावलं. जांभा अंगाने सच्छिद्र. पावसाळ्याचे चार महिने तो पाणी पितो आणि दिवाळीनंतर ऊन लागलं की हळूहळू सोडतो. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर जाऊ देतो, सिमेंट आतच कोंडतं. मग ओल वाट शोधत लाकडात शिरते. पडवीचं सिमेंट टाकीने काढायला महिना लागला. चुना खड्ड्यात विरवून मुरत ठेवला, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी घालून मळला. पडवीची ती भिंत आजही कोरडी आहे. जुनं घर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली हीच गोष्ट सांगते. बाकीच्या चुका सुधारता येतात, ही चूक घर आतून खात राहते.

घरातल्या चार खोल्यांत पाहुणे येऊ लागले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी निवास योजनेत नोंदणी केली. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी केळीच्या पानावर वालाचं बिरडं, केळफुलाची भाजी, सोलकढी. गावातल्या तीन बायका स्वयंपाकाला येऊ लागल्या. त्यातल्या एकीच्या हातची फणसाची भाजी खायला म्हणून पुण्याचं एक कुटुंब दर मार्चमध्ये येतं.

खोल्या भरू लागल्या तशी माणसं विचारू लागली, आगरात कॉटेजेस का बांधत नाही? आम्हालाही मोह झाला. नकाशा काढला, आठ कॉटेजेसचा. त्याच एप्रिलमध्ये एका सकाळी चहा खारट लागला.

समुद्राकाठच्या आगरातली विहीर डोंगरातल्या विहिरीसारखी नसते. वाळूत मुरलेलं पावसाचं गोडं पाणी खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगत असतं. रहाट सावकाश पाणी काढायचा, दोणी भरायची, पाटाने पाणी पोफळींच्या, म्हणजे सुपारीच्या झाडांच्या, आळ्यात जायचं, आणि रात्रभरात विहीर पुन्हा सावरायची. आम्ही पंप लावून तासाभरात तेवढं पाणी उपसत होतो, वर पाहुण्यांच्या आंघोळी. गोडी साय गेली, खालचं पाणी वर आलं. पाणी मचूळ झालं आणि पोफळींच्या पानांची टोकं करपली. काका रोज संध्याकाळी विहिरीत दोर सोडून पाणी मोजायचे, तसं त्यांनी आयुष्यभर मोजलं होतं. ते म्हणाले, "तुमच्या नकाशात विहीर कुठेय?"

नकाशा फाडला नाही, कपाटात ठेवला. छोटा पंप आणला, तोही सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा वेळ चालवायचा. कौलांवरचं पाणी पागोळ्यांतून वाहून जायचं, ते पन्हळीने टाकीत घेतलं. न्हाणीचं पाणी पूर्वीपासून केळी आणि अळूला जायचं, ती वाट गाळ काढून मोकळी केली. हे सगळं करून विहिरीला घरातल्या चार खोल्यांवर आणखी जास्तीत जास्त किती खोल्या झेपतील याचा काकांच्या वहीवरून हिशेब मांडला. उत्तर आलं तीन. म्हणून आमच्याकडे तीनच कॉटेजेस आहेत. नवी जागा एकीलाही घेतली नाही. एक गोठ्यात केली, एक पेंढ्याच्या खोपीच्या जोत्यावर, एक सुपारीच्या खोलीत. गोठ्याच्या कॉटेजमध्ये गव्हाण तशीच आहे, मुलं तिच्यात बसून पुस्तकं वाचतात.

आणि मग 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगड सगळं त्याच्या तडाख्यात सापडलं. आम्ही माजघरात होतो. आधी कौलं उडाल्याचा आवाज येत होता, नंतर वेगळा आवाज येऊ लागला, काडकाड, एकामागून एक. पोफळी मोडत होत्या. संध्याकाळी बाहेर आलो तर ओटीवरून समुद्र दिसला. चाळीस वर्षांत तो मला ओटीवरून कधी दिसला नव्हता.

भिंती उभ्या होत्या. अर्ध्याहून जास्त पोफळी गेल्या होत्या. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी म्हणजे या गावांची ओळख, झाडावर चढून ती उतरवणाऱ्या पाडेल्यांची, सोलणाऱ्या बायकांची वर्षाची मिळकत. भरपाई हेक्टरी 50 हजार जाहीर झाली. आमच्याकडे आगरं गुंठ्यांत मोजतात, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. आडव्या झालेल्या पोफळी कापून उचलायलाच त्याहून जास्त लागले.

वीज नव्हती, टाळेबंदी होती, पाहुण्यांचा प्रश्नच नव्हता. आणि मोकळी झालेली जागा समोर होती. समुद्र दिसणारी! दोन जण भागीदारीचा प्रस्ताव घेऊन आले. कपाटातला आठ कॉटेजेसचा नकाशा मीच बाहेर काढला, हे मला लिहायला हवं. त्या उन्हाळ्यानंतरच्या ऑक्टोबरात मात्र घराने उत्तर दिलं. सावली गेल्यामुळे माजघर पहिल्यांदाच तापलं. दर्याचा खारा वारा थेट ओटीवर येऊ लागला, कड्या-बिजागऱ्या गंजू लागल्या, उरलेल्या पोफळींची खोडं नैऋत्येच्या उन्हाने भाजून चिरली, जायफळांची पानं पिवळी पडली. आगर ही घराची बाहेरची भिंत होती. ती पडल्यावर ते कळलं.

आम्ही लावणी केली. आधी केळी, कारण पोफळीच्या रोपाला ऊन सोसत नाही. केळी वाढल्यावर तिच्या सावलीत श्रीवर्धनी पोफळी, मधून माड, माडांवर मिरीचे वेल, आणि जायफळं सगळ्यात शेवटी. पहिली दोन वर्षं रोपांना पाणी पाहुण्यांपेक्षा जास्त लागलं, म्हणून एक कॉटेज बंद ठेवली. पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर घराच्या खोल्यांनी आगराला पोसलं. पूर्वी आगराने घराला पोसलं होतं.

समुद्र आता ओटीवरून परत दिसेनासा झालाय. काही पाहुणे हळहळतात. मी त्यांना बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, पाच मिनिटांच्या पाऊलवाटेने किनाऱ्यावर पाठवते.

काका गेल्या वर्षी गेले. वही आता माझ्याकडे आहे आणि दोर मी सोडते. मे महिन्यात पाणी काकांच्या खुणेखाली गेलं की आम्ही पाऊस लागेपर्यंत कॉटेजेस बंद करतो. ऐन सुट्टीचे दिवस असतात, पैशाच्या दृष्टीने ते जड जातं, पण यात बदल करायचा विचार नाही.

बाळंतिणीच्या खोलीतलं सिमेंट मात्र इतकी वर्षं राहूनच गेलं होतं. या घरातली तीन पिढ्यांची मुलं त्या खोलीत जन्मली. या पावसाळ्याआधी ते काढलं, भिंत उघडी ठेवली आहे. मागच्या अंगणातल्या खड्ड्यात चुना मुरतोय. मेस्त्रींना आता शिडी चढवत नाही, त्यांचा मुलगा काम करणार आहे. पण परवा ते स्वतः काठी टेकत आले, खड्ड्यात बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, "दिवाळीपर्यंत हात लावू नका, वहिनी."