जिन्याची पाळी आणि रिकामा शुक्रवार

जर्मनीतलं श्टुटगार्ट हे १९६८पासून मुंबईचं भगिनी-शहर, पण बहिणीबहिणींत साम्य काही नाही. इथे भाड्याने घर घेतलं की किल्ल्यांबरोबर जिनाही गळ्यात पडतो. भाडेकरारात ‘केअरवोखे’ नावाचं कलम असतं. एकेका बिऱ्हाडाने आठवडाभर जिना झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी. काम उरकलं की पाटी शेजारच्या दाराला अडकवायची, बोलायचीसुद्धा गरज नाही. मोठ्या पाळीत अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि फुटपाथ येतो. हिवाळ्यात फुटपाथवरचा बर्फ सकाळी लवकर हटवायचा. नगरपालिकेने झाडण्याची सक्ती १९८८मध्ये उठवली, घरमालकांनी मात्र ती करारात जपून ठेवली.

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, “एवढं शिकून जिनेच पुसायचे होते, तर डोंबिवली काय वाईट होती?”

गेल्या वर्षी घरातल्याच पाळ्या बदलल्या. मी बाळंतपणाची लांब रजा संपवून पूर्णवेळ कामावर रुजू झाले आणि त्याच सुमारास नवऱ्याच्या कंपनीने ‘कुर्त्सआर्बाइट’ लावलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे सध्या ऑर्डरींचा दुष्काळ आहे. माणसं काढण्याऐवजी तास कमी करतात. केलेल्या कामाचा पगार कंपनी देते आणि बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, पदरी मूल असेल तर ६७ टक्के रक्कम बेकारी विम्याच्या निधीतून मिळते. २०२०च्या एप्रिलमध्ये जवळपास ६० लाख लोक या व्यवस्थेवर होते, त्यामुळे जर्मन माणसाला यात लाज वाटत नाही. आपल्याकडे मात्र हे समजावणं कठीण. “म्हणजे नोकरी गेली का?” – नाही, काका. “मग आहे का?” – आहे, पण शुक्रवारी नाही.

पैशाची ओढाताण झाली, पण ती निभली. खरा त्रास त्या शुक्रवाराने दिला. इथल्या आपल्या पुरुषांचं जग म्हणजे ऑफिस, आणि गणपती-दिवाळीला मंडळ. ऑफिसचा एक दिवस काढून घेतला की हातात काही उरत नाही. लेकीला पाळणाघरात सोडून हा घरी यायचा, डबे घासायचा आणि अकरापासून लॅपटॉपवर नोकरीच्या जाहिराती वाचत बसायचा. मी दमून यायचे, हा रिकामा बसून दमलेला असायचा, आणि भांडण व्हायचं ते भाजीत मीठ किती यावरून.

जानेवारीत शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांनी त्याला ‘फेस्परकिर्खे’त नेलं. १९९५पासून हिवाळ्यातले काही आठवडे इथल्या लेओनहार्ड चर्चमध्ये टेबलं मांडतात आणि नाममात्र पैशांत गरम जेवण देतात. कुणीही यावं. रस्त्यावर झोपणारा, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, जवळच्या बँकेतला साहेब, सगळे एकाच टेबलाला. आपल्या पंगतीसारखंच, फक्त आग्रह नाही. नवरा तिथे ताटं उचलायला लागला. पहिल्या दिवशी घरी आला तो पाय दुखतायत म्हणून कुरकुरतच, पण रात्री लॅपटॉप उघडला नाही. त्याच्या टेबलावर गेल्या वर्षी काम सुटलेला एक फिटर रोज यायचा. तोही जेवून झालं की उठून ताटं गोळा करायचा. दया दाखवणारा कोण आणि घेणारा कोण, हे तिथे ओळखता येत नाही, आणि मला तेच पटलं.

इथला समाज प्रेमळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. दार वाजवून कुणी विचारत नाही. रविवारी दुकानं बंद, भिंतीला ड्रिल लावायची नाही. रविवारची विश्रांती १९१९च्या राज्यघटनेत होती, ती आजच्या घटनेतही तशीच आली आहे. सुरुवातीला या शांततेने जीव गुदमरायचा. आता दोघांची धावपळ सुरू झाल्यावर तोच एक दिवस कुणी हिरावून घेऊ शकत नाही, याचा आधार वाटतो. मी तापाने पडले तेव्हा पाटी आमच्या दारावर होती. खालच्या मजल्यावरच्या आजींनी न कुरकुरता जिना पुसला, आणि पुढची त्यांची पाळी आमची, असं त्यांच्या कॅलेंडरवर माझ्यासमोर लिहून ठेवलं. आईला हे फार कोरडं वाटलं. मला बरं वाटलं. उपकाराचं ओझं नको होतं, उसनवारी फेडता येते.

आता कंपनीत पूर्ण तास परत येणार असं दिसतंय. २०१९पासून इथे एक कायदा आहे: कंपनीत ४५हून जास्त माणसं असतील, तर एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून मागता येतात आणि मुदत संपली की पूर्ण तास परत मिळण्याचा हक्क राहतो. नवऱ्याला शुक्रवार स्वतःहून सोडायचा आहे. अर्ज तीन महिने आधी द्यावा लागतो, म्हणून रोज रात्री हिशेबाची वही घेऊन बसतो. या वेळी निधीतून काही मिळणार नाही, पगाराचा पाचवा भाग जाईल. माझा पगार धरला तर घरभाडं, पाळणाघर आणि दोन्हीकडच्या आईवडिलांची औषधं भागतात, पण दरवर्षीची भारतवारी दोन वर्षांनी एकदा होते. त्या ओळीवर आमचं अजून एकमत नाही.